पडलेला रेट आणि पिंपातली वाइन



ऑगस्ट सरत आलाय. काडी पिकतेय, गोडी छाटणीला अजून वेळ आहे, म्हणून आज फवारणीचं काही नाही. एक प्रश्न मला दरवर्षी चार-दोन जण हटकून विचारतात. एप्रिलात राहिलेला माल डीप फ्रीजरला टाकला, किंवा रस काढून गोठवला, तर सहा महिन्यांनी त्याची वाइन होते का?

होते, आणि बरी होते. मणी गोठला की आतल्या पाण्याचे खडे होतात आणि ते पेशींच्या भिंती फोडतात. मग वितळल्यावर साल लिबलिबीत होते, आणि काळ्या द्राक्षाचा रंग ताज्या मालापेक्षा लवकर रसात उतरतो. साखरेमुळे रस शून्यावर गोठत नाही. २२-२४ ब्रिक्सचा रस शून्याच्या खाली दोन-तीन अंश गेल्यावर गोठायला लागतो. वितळताना उलटं होतं, गोड रस आधी सुटतो आणि पाण्याचा बर्फ मागे राहतो. पिंप अर्धं वितळलेलं असताना रिफ्रॅक्टोमीटर लावला तर आकडा भलताच वर दिसेल आणि माणूस उगाच खूश होईल. सगळं वितळवून, ढवळून मगच मोजायचं. तळाला बारीक वाळूसारखे खडे बसतात ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, तेवढी आंबटाई कमी होते. सालीवरचं रानटी यीस्ट थंडीत बरंचसं मरतं, म्हणून पाकिटातलं यीस्ट लागतं. बाकी ताज्या मालासारखंच.

पण आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा आंबवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून इथे कृती देणार नाही. इतिहास देतो. तो तुमच्या-माझ्यासारख्या बागवाल्यांचाच आहे, आणि कृतीपेक्षा जास्त कामाचा आहे.

द्राक्षाचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा आणि पिणारे बारा महिन्यांचे. हा घोळ फार जुना. फ्रीजर नव्हते तेव्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे वाळवायचं. कार्थेजच्या मागो नावाच्या लेखकाची बेदाण्यापासून वाइन करण्याची रीत रोमन शेतीलेखक कोलुमेला याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहे. अर्धवट वाळलेले घड रसात भिजवायचे, फुगले की दाबायचे. दुसरी वाट आटवण्याची. रोमन लोक रस कढईत आटवून काकवीसारखा दाट करत आणि वर्षभर वापरत. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. उसाचा रस सकाळचा संध्याकाळी आंबतो, काकवी वर्षभर टिकते. साखर इतकी दाट असते की यीस्टला त्यात जगता येत नाही. त्याच काकवीत पाणी घाला, तिसऱ्या दिवशी फेस येईल. हे काकवीचं गणित लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यावर आहे.

वाळवण्याची वाट आपल्याकडेही आली. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, शब्बाथच्या किद्दुशसाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करतात. ते आंबवत नाहीत. पण धर्माला द्राक्षाचा रस हवा आणि कोकणात द्राक्ष नाही, तेव्हा मनुकेत पाणी परत घालून द्राक्ष जिवंत करायचं, हे डोकं तेच. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यात नाताळाच्या वाइनला मनुका लागतात त्याचंही कारण सरळ आहे. डिसेंबरात बागलाणचा अर्ली माल सोडला तर आपला मुख्य हंगाम सुरूच झालेला नसतो.

गोठवण्याची वाट आधी अपघाताने सापडली. जर्मनीत ऱ्हाइन नदीजवळच्या ड्रोमर्सहाइम गावात १८२९ सालची द्राक्षं इतकी वाईट होती की ती वेलीवरच राहिली. पुढे जनावरांना घालू, असा विचार होता म्हणतात. ११ फेब्रुवारी १८३० ला गोठलेले घड काढून दाबले तर नुसता गोड अर्क निघाला, पाणी बर्फ होऊन चोथ्यात राहिलं. आज तिला आइसवाइन म्हणतात आणि छोटी बाटली महाग विकतात. पण ती वेगळी चैन. आपला प्रश्न घरच्या पिंपाचा आहे.

त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल.

१८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात थॉमस वेल्च नावाचा दातांचा डॉक्टर होता. मेथडिस्ट पंथाचा, दारूचा कडवा विरोधक. चर्चच्या विधीत वाइन वापरावी लागते हे त्याला खटकायचं. आंबणं हे जिवंत यीस्टचं काम आहे हे पाश्चरने दाखवून दिलेलं होतं. वेल्चने काँकर्ड द्राक्षाचा रस बाटलीत भरला, बूच मारलं आणि बाटल्या गरम पाण्यात उकळल्या. यीस्ट मेलं, रस टिकला. न आंबणारा, वर्षभर टिकणारा द्राक्षरस बाजारात आला तो असा, वाइन बंद पाडायला. पुढच्या साठ वर्षांत टिकवलेल्या रसाचं काय झालं ते बघा.

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली. कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या बागवाल्यांनी कपाळाला हात लावला. कित्येकांनी बागा उपटल्या. वायनरीच बंद म्हटल्यावर माल घेणार कोण?

पण ज्या कायद्याने बंदी आली त्या व्होल्स्टेड कायद्याच्या २९ व्या कलमात एक फट होती. घरात, फक्त घरच्या वापरासाठी, नशा न आणणारं सायडर आणि फळांचा रस करायला मुभा होती. हे कलम मूळ सफरचंदवाल्या शेतकऱ्यांसाठी, असा सगळ्यांचा समज. त्यात गंमत अशी, की इतर पेयांना अर्ध्या टक्क्याची मर्यादा होती, या घरगुती रसाला मात्र आकडाच घातलेला नव्हता. नशा येते की नाही हे सरकारने सिद्ध करायचं. बाल्टिमोरचे खासदार जॉन फिलिप हिल यांनी मुद्दाम घरात वाइन आणि सायडर बनवलं, अधिकाऱ्यांना बोलावून दाखवलं आणि स्वतःवर खटला ओढवून घेतला. वाइन दहा टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची होती. १९२४ मध्ये ज्युरीने त्यांना सोडून दिलं. त्याआधीपासूनच कुटुंबाला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमाफीची जुनी सवलत होती, ती चालू राहिली. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर, म्हणजे बाटल्यांत हजारेक. एका घराला!

मग काय. न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन इथल्या इटालियन, पोर्तुगीज, ग्रीक, ज्यू कुटुंबांनी तळघरात पिंपं मांडली. वाइन विकणं गुन्हा, द्राक्ष विकणं गुन्हा नाही. बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून, साधारण १२ किलोच्या लाकडी पेट्यांत, माल हजारो किलोमीटर पूर्वेला जायला लागला. रेल्वे यार्डातच लिलाव व्हायचे. दारूबंदीआधी वाइनच्या द्राक्षाला टनामागे दहा-वीस डॉलर मिळायचे, ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांत शंभरच्या आसपास गेले. ज्यांनी बागा उपटल्या होत्या त्यांनी हात चोळले असतील. बाकीच्यांनी लावणीचा धडाका लावला. बेदाणा आणि खायची द्राक्षं धरून कॅलिफोर्नियात साधारण तीन लाख एकर द्राक्ष होतं, ते १९२६-२७ पर्यंत पावणेसहा लाखांच्या घरात गेलं.

या गडबडीत घडलेल्या एका माणसाचं नाव आज जगाला माहीत आहे. मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणींच्या भागात चेझारे मोंडावी नावाचा इटालियन स्थलांतरित राहायचा. तिथल्या इटालियन मंडळींनी वाइनसाठी द्राक्षं आणायला त्याला कॅलिफोर्नियाला पाठवलं. त्याने धंदा ओळखला, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बिऱ्हाड लोडायला हलवलं आणि द्राक्षं पाठवणारा व्यापारी झाला. पोरं सुट्टीत पेट्या ठोकायची. त्यातला रॉबर्ट, ज्याने १९६६ मध्ये नापा खोऱ्यात स्वतःच्या नावाची वायनरी काढली.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गिऱ्हाईक घरगुती झालं आणि अंतर लांबचं झालं, तेव्हा वाण बदलला. चांगल्या वाइनचे वाण बहुधा पातळ सालीचे, लहान मण्यांचे, नाजूक. आठ-दहा दिवस डब्यात राहून यार्डात उघडले की मार खाल्लेले दिसायचे. अलिकांते बुशे नावाचा वाण मात्र जाड सालीचा, दणकट. फ्रान्समध्ये आंरी बुशे याने १८६६ मध्ये संकरातून काढलेला. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो आणि गर पांढरा, याचा गरसुद्धा लाल. म्हणजे एकदा रस काढला तरी चोथ्यात साखर-पाणी घालून दुसऱ्यांदा वाइन काढा, रंग टिकून. पूर्वेच्या गिऱ्हाइकाला पेटीत काळाशार माल दिसला की तो खूश. चवीला सुमार, पण दिसायला आणि टिकायला बहाद्दर. बागवाल्यांनी चांगल्या वाणांच्या खोडांवर अलिकांतेची कलमं बांधली. जो वाण वायनरीने कोपऱ्यात ठेवला असता तो यार्डात राजा झाला.

त्यांना नावं ठेवायला आपण कोण? आपणही वाण निवडताना गाडी, कंटेनर, मण्याचा कडकपणा आणि व्यापाऱ्याचा डोळा बघतो. चव चौथ्या-पाचव्या नंबरला. चव घेऊन यार्डात उभं राहता येत नाही, हे त्या लोकांना जसं कळलं तसं आपल्यालाही कळलेलं आहे. फक्त त्याचा हिशेब नंतर कधीतरी येतो.

त्यांचा आला. नव्या बागा तीन-चार वर्षांत धरल्या आणि १९२५-२६ पर्यंत माल मावेनासा झाला. डबे यार्डात उभे, घेणारे भाव पाडून मागणारे, बर्फ वितळतोय. घरोघरी वाइन करणारे होते तेवढेच होते, त्यांची पिंपं महिना-दीड महिन्यात भरून व्हायची. एकदा पिंप भरलं की त्या घराचा पुढच्या ऑक्टोबरपर्यंत रामराम. बेदाण्याचा बाजार तर त्याआधीच बसला होता, त्यामुळे वाळवायचा माल काहींनी हिरवा विकायला काढला आणि कोंडी वाढली. लोकांना वाइन बारा महिने हवी होती आणि आपल्याला माल दोन महिन्यांत खपवायचा होता. हा तिढा सोडवायचा एकच मार्ग उरला, काकवीचा.

रस निर्वातात, कमी तापमानाला आटवून दाट करायचा. आज हा कॉन्सन्ट्रेट साधारण ६८ ब्रिक्सचा करतात. डब्यात भरला की आंबत नाही, बर्फ लागत नाही, जागा पाव-तृतीयांश लागते. गिऱ्हाइकाने मार्चमध्ये उघडला, पाणी घातलं, यीस्ट सोडलं की ऑक्टोबर सुरू. द्राक्षाच्या विटाही निघाल्या. वाळवून दाबलेल्या रसाची वडी आणि वर इशारा, की ही पाण्यात विरघळवून अमुक दिवस फडताळात ठेवू नका, नाहीतर वाइन होईल. इशाऱ्याचे नेमके शब्द जो तो वेगळे सांगतो, पण इशारा हीच कृती होती हे सगळ्यांना कळत होतं.

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवाल्यांनी एकत्र येऊन फ्रूट इंडस्ट्रीज नावाची संस्था काढली. सरकारच्या फेडरल फार्म बोर्डाने तिला लाखो डॉलरचं कर्ज दिलं, कारण पडलेल्या भावाचा शेतकरी वाचवायचा होता. तिचा माल म्हणजे व्हाइन-ग्लो. पाच किंवा दहा गॅलनचं पिंप घरपोच. कंपनीचा माणूस यायचा, पाणी घालायचा, आंबणं सुरू करून द्यायचा आणि साठ दिवसांनी येऊन बाटल्या भरून जायचा. पोर्ट, रिझलिंग, बरगंडी, क्लॅरेट, जे नाव हवं ते. आणि संस्थेची वकील कोण? मेबल वॉकर विलेब्रँट, ज्या १९२९ पर्यंत सरकारच्या न्यायखात्यात दारूबंदीच्या खटल्यांच्या प्रमुख होत्या. एका हाताने सरकार पिंपं फोडतंय आणि दुसऱ्या हाताने पिंपाला कर्ज देतंय! शेतीचं धोरण आणि बाकीचं धोरण वेगवेगळ्या इमारतींत ठरलं की असं होतं, हे आपल्याला निर्यातबंदीच्या दिवसांत कुणी शिकवायला नको.

फार दिवस चाललं नाही. १९३१ मध्ये कॅन्सस सिटीच्या न्यायालयाने दुसऱ्याच एका कॉन्सन्ट्रेटवाल्या कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की घरगुती रसाची सवलत घरच्याला आहे, घरी येऊन वाइन करून देणाऱ्या कंपनीला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी व्हाइन-ग्लो बाजारातून काढून घेतलं गेलं. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदीच उठली.

तुम्ही म्हणाल, चला, सुटले. वायनरी उघडल्या खऱ्या, पण बागेत काय होतं? अलिकांते आणि तसलंच दणकट काही. चांगले वाण कलमाखाली गेलेले. आणि पिणाऱ्यांच्या एका पिढीची जीभ घरच्या पिंपाने घडवलेली. पुढे तीसेक वर्षं अमेरिकेत साध्या कोरड्या वाइनपेक्षा गोड, वरून अल्कोहोल घातलेली वाइनच जास्त खपत राहिली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते फिरलं. बाग दोन महिन्यांत कलम करून बदलता येते, बाजार परत फिरवायला किती वर्षं लागली ते मोजा.

दारूबंदी गेली तरी काकवीची वाट बंद झाली नाही. ब्रिटनमध्ये महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं आणि लोक घरगुती वाइनच्या मागे लागले. आधी परसातली फुलं, फळं, अगदी गाजर-बीटसुद्धा. मग दक्षिण युरोपातून कॉन्सन्ट्रेटचे डबे आले. पुढे बूट्ससारख्या औषधदुकानांच्या साखळीत वाइनचा संच मिळू लागला. द्राक्षाचा वेल न पाहिलेला माणूस जानेवारीच्या थंडीत वाइन करायला लागला. उत्तर अमेरिकेत आज २३ लिटरचा, म्हणजे तीस बाटल्यांचा संच चार-सहा आठवड्यांत तयार होतो. ज्यांना चव हवी ते गोठवलेल्या मालाकडे वळले. सालीसकट कुस्करलेलं द्राक्ष बादल्यांत उणे १८ अंशाला ठेवलेलं, बादलीवर वाण, बाग आणि साल लिहिलेलं.

या दोन डब्यांतला फरक बागवाल्याने नीट बघावा. गोठवलेल्या बादलीवर बागेचं नाव राहतं, कारण त्यात द्राक्ष द्राक्षच असतं. तिला भाव नावाचा मिळतो, पण विजेचं बिल रोज चालू. कॉन्सन्ट्रेटच्या पिंपात दहा बागांचा माल एक होतो. तिथे तुमच्या थिनिंगला, डिपिंगला, घडाच्या आकाराला पैसा नाही. ब्रिक्स आणि आंबटाई, संपलं. म्हणून त्याला जो भाव येतो तो नेहमी राहिलेल्या मालाचा भाव असतो. रेट पडला की दरवर्षी कुणीतरी गावात म्हणतं, चला, रसाचा प्लांट टाकू. टाका, माझा विरोध नाही. पण निर्यातीच्या खर्चावर वाढवलेला माल त्या प्लांटला घातला तर हिशेब कधीच बसणार नाही. रसासाठी बाग लावायची तर ती पहिल्या दिवसापासून रसाच्या खर्चात लावावी लागते.

आपल्याकडे या गोष्टीची धाकटी बहीण होऊन गेली आहे. २००१ मध्ये राज्याने वाइन धोरण आणलं. निफाडच्या विंचूरला आणि सांगलीच्या पलूसला वाइन पार्क झाले, आपल्या भागात कॅबरने, शिराझ, शेनिन ब्लांच्या बागा लागल्या. २००८ नंतर मंदी आली, टाक्या भरलेल्या, माल घेणारे मागे सरले आणि बऱ्याच जणांनी त्या बागा काढून पुन्हा खायची द्राक्षं लावली. माझ्या शिवारातही एक बाग गेली. लोखंडी अँगल तेच राहिले, खाली वाण बदलला. अलिकांतेची कलमं बांधणाऱ्यांपेक्षा हे काही फार वेगळं नव्हतं.

आणि शेवटी एक ओळखीचा माणूस. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सटर काउंटीत विल्यम थॉम्पसन या शेतकऱ्याने एक बिनबियांचं पांढरं द्राक्ष लावलं, तेच थॉम्पसन सीडलेस. आपलं तास-ए-गणेश तासगाव तालुक्यातल्या बोरगावात त्यातूनच निवडलं गेलं, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजला त्यातूनच निघालं. कॅलिफोर्नियात याला तीन दारांचं द्राक्ष समजतात. ताजं खपलं तर पेटीत, नाही तर बेदाण्यात, तेही नाही तर दाबून रसात. घरगुती संचांत पांढरा कॉन्सन्ट्रेट म्हणून जे पिंपात येतं त्यात हा रस वर्षानुवर्षं जात आलाय. पिंपावर नाव मात्र थॉम्पसनचं नसतं, नुसतं पांढरा द्राक्षरस, ६८ ब्रिक्स, एवढंच लिहिलेलं असतं.